तीन रात्रींची संजीवन सभा, बारा पाठांचा पाठपुरावा: मंडळीनं बोलवावं का?

विदर्भातल्या तालुक्याच्या आणि खेड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या चर्चना, आता संजीवन सभा (विश्वास जागवण्यासाठी भरवलेली सभा) तयार मिळते. एक फोन केला की पथक येतं. तीन रात्री गाणी आणि प्रवचन, शेवटी आवाहन, पुढे आलेल्यांकडून निर्णयपत्रिका भरून घेणं, आणि जाताना बारा पाठांच्या पुस्तिकांचा गठ्ठा पाळकांच्या हाती देऊन पाठपुरावा मंडळीवर सोपवणं. अशी पथकं बरीच आहेत, पण साचा इतका सारखा की एकाचं परीक्षण केलं की बाकीच्यांचंही बरंचसं होऊन जातं. म्हणून कुणाचं नाव न घेता साच्याबद्दलच लिहितो आहोत.

निकाल आधीच सांगून टाकतो. गाणी चांगली, साउंड उत्तम, प्रवचन बरं, आवाहन कच्चं, पत्रिका निकामी, पुस्तिकेतले दोन पाठ फार मोलाचे आणि पाठपुराव्याचं वेळापत्रक साफ चुकलेलं. पाचपैकी अडीच.

अडीच कापले ते एकाच कारणासाठी. तीन रात्रींत पाप हा शब्द शंभरदा येतो, पण कुठलं पाप, हे एकदाही येत नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायात योहान बाप्तिस्मा देणाऱ्याला लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? तो प्रत्येकाला त्याच्या धंद्याचं उत्तर देतो. दोन अंगरखे असणाऱ्यानं एक द्यावा, जकातदारानं ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायानं दमदाटी करून पैसे काढू नयेत. ‘मी पापी आहे’ हे म्हणायला काहीच किंमत पडत नाही. ‘मी कापसाच्या गाठोड्यावर पाणी मारतो’ हे म्हणायला किंमत पडते.

काय येतं, काय आपण करायचं

पथकात सात-आठ जण असतात: प्रवचनकार, कीबोर्ड, पॅड, ढोलकी, दोन गायक, साउंडवाला आणि पत्रिका सांभाळणारा एक. मंडप, वीज, मुक्काम, जेवण मंडळीकडे. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढा आणि रात्री 10 ला बंद करा. जनरेटर भाड्यानं घ्याच. आठला लाइन गेली तर अर्धा मंडप घरी जातो आणि परत येत नाही.

जेवणाचं मात्र नीट ठरवा. 100 माणसांच्या वरणभाताला 10 किलो तांदूळ आणि साडेतीन-चार किलो तुरीची डाळ पुरते, तो प्रश्न नाही. प्रश्न वेळेचा आहे. सभेनंतर जेवण ठेवलं की आवाहनाच्या वेळी मागच्या रांगांचं लक्ष जेवणाच्या गंजाकडे असतं, आणि चार हात लवकर वर गेले तर पंगत लवकर बसेल हे पोरांनाही कळतं. (हसू नका, हे दर सभेत घडतं.) योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूनं लोकांना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही भाकरी खाऊन पोट भरलं म्हणून मला शोधता. सहा वाजता सगळ्यांना जेवू घाला, पुढे येणाऱ्यालाही आणि नुसतं गाणं ऐकायला आलेल्यालाही, मग सभा सुरू करा. ब्लँकेट, साडी, किराणा यांचं वाटप त्या तीन दिवसांत तर नकोच, पत्रिकांच्या आसपासच्या महिन्यातही नको. खऱ्या मनानं आलेल्या माणसावरही मग गाव म्हणतं, ‘ब्लँकेटासाठी गेला थो.’

आणखी एक, पंगत. कोण कुणाच्या शेजारी बसतो आणि कुणाच्या हातचं वाढलेलं खातो, तिकडे मंडळीच्या वडिलांनी (कारभार पाहणाऱ्या जाणत्यांनी) लक्ष द्यावं. तीन रात्री रडून चौथ्या दिवशी जातीप्रमाणे वेगळी पंगत मांडणारी मंडळी असते. तिथं प्रवचनकाराच्या आवाजाची तक्रार करण्यात अर्थ नाही.

आवाहन

पद्धत अशी. प्रवचन संपत आलं की कीबोर्ड मंद वाजू लागतो. ‘सगळ्यांनी डोळे मिटा, कुणी कुणाकडे पाहू नका. ज्यांना येशूला स्वीकारायचं आहे त्यांनी फक्त हात वर करा.’ हात वर झाले की, ‘आता ज्यांनी हात वर केला त्यांनी पुढे या.’ एकच ध्रुवपद दहा-पंधरा मिनिटं फिरत राहतं. पुढे आलेल्यांकडून एक छोटी प्रार्थना ओळीओळीनं म्हणवून घेतात आणि लगेच जाहीर करतात की आज तुमचं नाव जीवनाच्या पुस्तकात लिहिलं गेलं.

अडचण या शेवटच्या घोषणेत आहे. हात वर करायला सांगणं वेगळं आणि तारण झाल्याचं प्रमाणपत्र देणं वेगळं. पुढे बोलावण्याची ही रीत प्रेषितांची नाही. अमेरिकेत प्रवचनकार चार्ल्स फिनी यांनी 1830 च्या सुमारास पुढच्या बाकावर चिंताग्रस्तांना बसवण्याची पद्धत रुजवली, आणि 1843 मध्येच धर्मपंडित जॉन नेव्हिन यांनी तिच्यावर कडक टीका केली होती. त्यांचा मुद्दा साधा होता: बाकावर येणं हेच मनपरिवर्तन समजलं जाईल आणि खऱ्या कामाची जागा ते घेईल. पुढे मूडी यांनी स्वतंत्र खोलीत एकेकाशी बोलण्याची सोय केली आणि बिली ग्रॅहॅम यांच्या सभांत पत्रिका आणि प्रशिक्षित समुपदेशक आले. आपल्याकडच्या पथकांनी पत्रिका उचलली, समुपदेशक आणि ती खोली मागे ठेवली.

रडणं म्हणजे पश्चात्ताप असं धरून चालतात, तेही तपासायला हवं. पवित्र शास्त्रात ‘मी पाप केलं’ म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यातले सगळे वळलेले नाहीत. निर्गमाच्या नवव्या अध्यायात गारपिटीत पीक झोडपलं गेलं तेव्हा फारो म्हणाला, या वेळी माझं चुकलं. गारा थांबल्या आणि त्याचं मन पुन्हा घट्ट झालं. ज्याच्या हरभऱ्यावर गार पडली आहे त्याला हा अध्याय वाचून दाखवा, जास्त समजवावं लागत नाही. शौल राजानं 1 शमुवेल 15 मध्ये चूक कबूल केली, पण पुढच्याच दमात शमुवेलाला म्हणाला, वडीलजनांसमोर माझा मान राख. दावीद राजा मात्र नाथान संदेष्ट्याचं बोट आपल्याकडे वळल्यावर सबब सांगत नाही, आणि पुढं होणारं नुकसान टळावं म्हणून कबुली मागंही घेत नाही. पौल 2 करिंथ 7 मध्ये हेच दोन प्रकार वेगळे करतो. एक दुःख देवाच्या इच्छेप्रमाणे होतं आणि माणसाला वळवतं. दुसरं जगाचं दुःख, त्यात पकडले गेल्याचं, अब्रू गेल्याचं, नुकसान झाल्याचं वाईट वाटतं. मंडपात दोन्हींचे डोळे सारखेच ओले असतात. फरक घरी गेल्यावर दिसतो.

एवढं करून पुढे कोण येतं? निम्मे मंडळीतलेच, ज्यांनी मागच्या सभेतही हात वर केला होता. बरीचशी पोरं, कारण शेजारचं पोरगं गेलं म्हणून हे गेलं. काही आजारी, हात ठेवून प्रार्थना होईल या आशेनं. आणि या सगळ्यांत दोन-चार जण असे, ज्यांच्या आत खरोखर काही हललेलं असतं. ते बहुतेक मागे उभे असतात आणि सभा संपल्यावर पाळकांना गाठून विचारतात, ‘पाळकसाहेब, आता म्या काय करा लागते?’ त्यांच्यासाठी पथकाकडे वेळ नसतो, कारण गाडी भरायची असते.

पत्रिका

पोस्टकार्डाएवढा जाड कागद. नाव, गाव, वय, मोबाईल, आणि खाली तीन चौकोन: प्रथमच स्वीकार, पुनर्समर्पण, प्रार्थना विनंती. छपाई स्वच्छ, पण कामाचं एकही घर नाही. मोबाईल नंबर बहुधा पोराचा असतो आणि पोरगं पुण्याला कंपनीत. ‘प्रथमच’ आणि ‘पुनर्समर्पण’ यातला फरक कुणी समजावत नाही, म्हणून दोन्हींवर खुणा होतात. पथकाच्या अहवालात मात्र गठ्ठ्यातल्या सगळ्या पत्रिका मोजल्या जातात.

मंडळीनं आपली स्वतंत्र वही करावी. तिच्यात चार गोष्टी हव्यात: घरात आणखी कोण आहे आणि त्यांना माहीत आहे का; कुणी सोबत आणलं; काय सोडायचं किंवा कुणाला काय परत करायचं असं माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतो; आणि कुठला वडील किंवा कुठली बाई आठवड्यात घरी जाणार. तिसरं घर रिकामं राहिलं तरी चालेल, आपण सुचवून भरायचं नाही. बारा वर्षांखालच्या मुलांची वही वेगळी, आईबापाला कळवल्याशिवाय नोंद नाही.

पुस्तिका

32 पानं, बारा पाठ, प्रत्येक पाठाखाली चार-पाच प्रश्न आणि एक वचन पाठ करायला. भाषा पुस्तकी आहे, ‘अंतःकरणाची सुंता’ असले शब्द समजावल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. वाचता न येणाऱ्यांसाठी मेमरी कार्डावर आवाज दिला आहे, तो उपयोगी, पण एका पाठाची लांबी 40 मिनिटं. निंदण करून आलेली बाई पंधरा मिनिटांनंतर झोपते. तुकडे पाडून ऐकवा.

पहिले तीन पाठ (देव, पाप, तारण) नेहमीचे. पाचवा-सहावा प्रार्थना आणि शास्त्रवाचन, ठीक. आठ ते अकरा मंडळी, अर्पण, साक्ष, छळ. अर्पणाचा पाठ सगळ्यात लांब आहे, यावर काही बोलत नाही. बारावा बाप्तिस्मा.

चौथा पाठ पश्चात्तापाचा आणि सातवा परतफेडीचा. या दोन पाठांसाठी अख्खी सेवा घ्यावी का, असा प्रश्न पडावा इतके ते चांगले आहेत. चौथ्यात एक साधा अभ्यास आहे: कोरा कागद घ्या, आठवड्यातले सात दिवस लिहा आणि प्रत्येक दिवशी आपण कुणाशी कसा व्यवहार केला ते आठवा. पापांची छापील यादी दिलेली नाही, हे फार बरं. छापील यादी दिली की माणूस दारू, तंबाखू, सिनेमा यांवर खुणा करतो आणि सुटतो.

गटात हा पाठ घेताना धंद्याप्रमाणे बसवा. कास्तकारांच्या गटात आपोआप निघतं: कापूस ओला करून वजन वाढवणं, बैल विकताना त्याची खोड लपवणं, धुरा दरवर्षी वीतभर सरकवणं, विजेच्या तारेवर आकडा टाकून मोटर चालवणं, सालदाराचा पगार पुढच्या हंगामावर ढकलणं. व्यापाऱ्यांत काटा मारणं आणि कडता (वजनातून उगाच कापलेली घट). कृषी केंद्रवाल्यांत खतासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारणं आणि चोरबीटी (परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं) पक्क्या बिलाशिवाय देणं. रोजगार हमीच्या मेटांत (कामावरच्या मुकादमांत) हजेरीपटावरची खोटी नावं. सावकारीत कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही आणि तारणाच्या नावाखाली करून घेतलेलं विक्रीपत्र. दारूचं विचारताना प्यायचं तर विचाराच, पण गाळायचं आणि विकायचंही विचारा. वर्धा 1974 पासून आणि गडचिरोली 1993 पासून दारूबंदीचे जिल्हे. तिथं मोहाची भट्टी हाच काही घरांचा रोख पैसा आहे, आणि ती बंद करायला सांगणाऱ्यानं दुसऱ्या मिळकतीचं बोलायची तयारी ठेवावी. बायकांचा गट बाईनंच घ्यावा. घरात कोण हात उगारतो हे तिथं कळतं, आणि पुढच्या रांगेत डोळे मिटून गाणाऱ्याचं नाव त्यात निघालं तर दचकू नये.

सातव्या पाठाचा पाया लेवीय 6 आणि गणना 5: मुद्दल परत आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे 5,000 रुपये दाबले असतील तर 6,000. ज्याचे घेतले तो मेला असेल तर जवळच्या नातलगाला. जक्कय या जकातदारानं चौपट देऊ केलं, पण ते त्याचं स्वतःचं बोलणं होतं, प्रभूनं लावलेला दंड नव्हता. चौपटीची सक्ती करू नका. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा, दोन साक्षीदारांसमोर साध्या कागदावर लिहा आणि पहिला हप्ता त्याच आठवड्यात द्या. ‘कापूस विकला की देतो’ हे उत्तर घेऊ नका. 200 रुपये का होईना, आज.

पुस्तिका इथं थांबते आणि इथूनच खरी गुंतागुंत सुरू होते. जमीन परत करायची असेल तर ‘घे बापू तुझं वावर’ म्हणून भागत नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांकाचा खर्च कोण करणार ते आधी ठरवावं लागतं, आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत परतफेड अर्धवटच. परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. माणूस आपणहून पुढे येत असेल तर आधी वकिलाशी बोलून यावं. आकडा काढणं सोपं, पण वीजचोरी हा वीज कायदा 2003 च्या कलम 135 खालचा गुन्हा आहे. कलम 152 खाली तडजोडीची रक्कम भरून तो मिटवता येतो, आणि ही सवलत एकदाच. पुन्हा आकडा टाकला तर पश्चात्तापही गेला आणि सवलतही.

कबुली कुठं द्यायची, हे पुस्तिकेत नाही आणि असायला हवं होतं. ज्याच्याविरुद्ध पाप, त्याच्यापुढे कबुली, एवढं माप पुरे. शेजाऱ्याचं घेतलं असेल तर शेजाऱ्यापुढे. सगळ्या गावाला फसवलं असेल तर गावापुढे. मनातल्या वासनेची कबुली त्या बाईकडे जाऊन द्यायची नाही, ते तिच्यावर दुसरं ओझं. व्यभिचाराची कबुली माइकवरून तर कधीच नाही, कारण त्यात दुसऱ्या माणसाची अब्रूही असते. आणि लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कबुलीतून कळलं तर ‘प्रभूनं क्षमा केली’ म्हणून वडिलांनी ते पोटात ठेवायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

परतफेड केली म्हणजे पश्चात्ताप सिद्ध झाला, असंही नाही. यहूदानं चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली, निर्दोष रक्ताचा विश्वासघात केल्याचं कबूल केलं, आणि तरी तो प्रभूकडे आला नाही, जाऊन फास घेतला. उलट वधस्तंभावरच्या चोराला काही परत करायला ना वेळ होता, ना हात मोकळे होते. तारण कृपेनं, विश्वासानं, हे इफिस 2 मध्ये स्पष्ट आहे, आणि लगेच दहाव्या वचनात सत्कृत्यांसाठी निर्माण केल्याचंही आहे. फळावरून झाड ओळखायचं, फळ बांधून झाड तयार होत नाही. वडिलांच्या हाती ही वही गेली की तिचा हिशेब व्हायला वेळ लागत नाही: अमक्यानं 6,000 दिले म्हणजे त्याला प्रभुभोजन, तमक्यानं नाही म्हणून बाहेर. ज्याच्याकडे परत करायला काहीच नाही अशा मजुरावर यानं फार अन्याय होतो. त्याचं फळ वेगळं असेल. दोन वर्षं न बोललेल्या भावाच्या दारात जाऊन बसणं, एवढंही असेल.

साक्षीबद्दल, म्हणजे आपण कसे बदललो हे लोकांपुढे सांगण्याबद्दल, दोन ओळी. तिसऱ्या रात्री नवख्यांना मंचावर उभं करतात, ते बंद करायला सांगा. टाळ्या मिळाल्या की साक्ष वाढत जाते आणि जुनी पापं दर खेपेला थोडी मोठी होतात. 1 तीमथ्य 3 मध्ये नवशिक्याला पुढारीपण देऊ नये, तो फुगेल, असं म्हटलं आहे. माइकलाही तेच लागू आहे.

बरे होण्याची रात्र

दुसरी रात्र आजाऱ्यांसाठी असते, तेल लावून आणि हात ठेवून प्रार्थना. प्रार्थनेला आमचा आक्षेप नाही. याकोब 5 मध्ये ती आहे, आणि तिथंच एकमेकांजवळ पापं कबूल करा हेही आहे, जे मंडपात वगळलं जातं. आक्षेप आहे तो ‘आता गोळ्या बंद, विश्वास ठेव’ या वाक्याला. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून औषध सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरच्यांनाही लागण होते. मिरगीची गोळी एकदम तोडली तर झटके वाढतात. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि तो रक्तातून वारशानं येतो. कुणी कुणाला करणी केली म्हणून तो होत नाही, आणि तसं मंचावरून सुचवलं गेलं तर शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईवर बालंट येतं. त्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे पथकाला आधीच सांगून ठेवा.

पश्चात्तापाशी याचा संबंध सरळ आहे. ताईत तोडून तेलाची बाटली उशाशी ठेवली तर माणूस हलला नाही, वस्तू बदलली. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला जादूगार शिमोन बघा. विश्वास ठेवला म्हणाला, बाप्तिस्मा घेतला, फिलिप्पाच्या मागे फिरला, आणि मग पैसे काढून म्हणाला, हे सामर्थ्य मलाही द्या. त्याला सामर्थ्य हवं होतं. बऱ्या झालेल्याची साक्ष घेण्याआधी डॉक्टरचा कागद मागा आणि औषध चालू ठेवायला लावा.

वेळापत्रक

इथं पथकं विदर्भ ओळखतच नाहीत. सभा फेब्रुवारीत ठेवतात, ते बरोबर: वेचणी संपलेली, हातात थोडा पैसा, हवा चांगली. मग आठवड्याला एक असे बारा पाठ मेच्या सुरुवातीला संपतात आणि जूनमध्ये बाप्तिस्मा. पण नव्या विश्वासणाऱ्याची परीक्षा जूननंतर सुरू होते. मृगात बियाण्यासाठी सावकाराकडे जाणं, पेरणीनंतरचा खंड, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची बाटली, दिवाळीआधी पहिल्या वेचणीचा रोख पैसा, जानेवारीत पोरीच्या लग्नाची बोलणी आणि हुंडा. बरड जमिनीत पहिल्या पावसावर टोबलेलं कसं चार दिवसांत हिरवं दिसतं आणि उघडीप पडली की दुबार पेरणी करावी लागते, हे पेरणाऱ्याच्या दाखल्यात मत्तय 13 मध्येच आहे. खडकाळीतलं बी सगळ्यात आधी उगवतं. आपली सभा नेमकं तेच मोजते.

आमचं वेळापत्रक असं: फेब्रुवारी ते मे पहिले सात पाठ, दर पंधरवड्याला एक. जून-जुलैत वर्ग बंद, फक्त घरी भेट, तीही संध्याकाळी सातनंतर. पोळ्याच्या आठवड्यात भेट चुकवायची नाही. उरलेले पाच पाठ सप्टेंबरपासून, आणि बाप्तिस्मा पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत, वेचणीचा पैसा येऊन गेल्यावर. कुणी म्हणेल, प्रेषितांच्या कृत्यांत त्याच दिवशी बाप्तिस्मा द्यायचे. खरं आहे. पण इफिसात त्याच पुस्तकात लोकांनी जादूटोण्याची पुस्तकं आणून सगळ्यांदेखत जाळली आणि त्यांची किंमत 50,000 रुपये, म्हणजे तेवढी चांदीची नाणी, भरली. असं काही पहिल्याच दिवशी समोर आलं तर जरूर त्याच दिवशी द्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार आला आणि बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये, वाचन, वाद, पत्रव्यवहार सगळं होऊन. लक्ष्मीबाईंना त्यानंतरही काही वर्षं लागली. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

बाप्तिस्म्याआधीचे कागद

यावर पुस्तिकेत एक ओळही नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (1956 पासून) आणि बौद्ध (1990 पासून) यांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची ही अट नाही, म्हणून मेळघाटातल्या कोरकू आदिवासी घराची आणि गावातल्या अनुसूचित जातीच्या घराची गोष्ट सारखी नाही. पथकं ‘नाव बदलू नका, कागद तसेच ठेवा’ असं हळूच सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये एका प्रकरणात बाप्तिस्मा घेऊन, चर्चला जाऊन, नोकरीसाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही राज्यघटनेशी फसवणूक ठरवली. हा कायदा न्याय्य आहे का, यावर वेगळं भांडता येईल, भांडावंही. पण ज्या माणसाला खोटा हजेरीपट सोडायला सांगितला त्यालाच खोटा दाखला चालू ठेवायला शिकवायचं, हे जमत नाही. शिष्यवृत्ती, नोकरी, घरकुल यांत काय जाईल ते बाप्तिस्म्याच्या आधी, घरच्या सगळ्यांना बसवून, आकड्यांसकट सांगा. मग काही जण थांबतील. थांबू द्या.

एरवीही इथल्या माणसाला गुळमुळीत प्रार्थना हलकी वाटते, त्याला कारण आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना 22 प्रतिज्ञा दिल्या. काय मानणार नाही, काय करणार नाही, चोरी, खोटं, दारू, सगळं नाव घेऊन. धर्म बदलणं म्हणजे काय काय बदलणं हे ज्याच्या आजोबांनी एकेक वाक्य म्हणून घेतलं, त्याला तीन ओळींची प्रार्थना म्हणवून ‘झालं तुझं’ म्हटलं तर तो तोंडावर काही बोलणार नाही, पण पुढच्या सभेला येणार नाही.

बोलवायचंच असेल तर

गाण्यांसाठी आणि लोक जमवण्यासाठी पथक उपयोगी आहे, नाही म्हणण्याचं कारण नाही. फोनवरच अटी घाला. प्रवचनकारानं आदल्या दिवशी येऊन वडिलांसोबत गावात फिरावं, कुठला धंदा, कुठली दारू, कुठले वाद, ते ऐकावं आणि दुसऱ्या रात्रीचं प्रवचन लूक 3 वर ठेवावं. पुढे बोलवण्याऐवजी मंडपाच्या बाजूला दोन खोल्या किंवा दोन कापडी आडोसे, एक बाप्यांसाठी, एक बायांसाठी, आणि तिथं मंडळीतलेच चार जाणते लोक सभेनंतर तासभर बसलेले. वाद्यं आवाहनाच्या वेळी बंद. तारणाची घोषणा मंचावरून नाही. पत्रिकांचा गठ्ठा मंडळीकडे राहील आणि पथकाच्या अहवालात आकडा जाणार नाही. पथक शेवटच्या अटीला बहुधा नकार देतं, तेव्हा भाडं आणि जेवणाचा खर्च वाचला असं समजून चौथा आणि सातवा पाठ मागून घ्या. ते द्यायला कुणी नाही म्हणत नाही, पुस्तिका 20 रुपयांना मिळते.